बंदूक घरात, जबाबदारी वाऱ्यावर

31 जुलै 2024 रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीत शिकणारा पाच वर्षांचा मुलगा दप्तरात पिस्तूल घेऊन शाळेत गेला आणि त्याने तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. गोळी हाताला लागली म्हणून तो दहा वर्षांचा पोरगा वाचला. दोन दिवस बातम्या झाल्या आणि मग सगळे शांत झाले. ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्या पोराने पिस्तूल मिळवले नव्हते, लपवले नव्हते, त्यात गोळ्याही भरल्या नव्हत्या. ते त्याच्या हाताला लागेल अशा जागी, भरलेल्या अवस्थेत, कोणीतरी मोठ्या माणसाने ठेवले होते. माझा आरोप त्या मोठ्या माणसावर आहे. त्याहून मोठा आरोप आपल्या सगळ्यांवर आहे, कारण अशी घटना घडली की आपण 'नशीब' म्हणतो आणि त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून सांत्वन करतो.

हे बिहारात, उत्तर प्रदेशात चालते, आपल्याकडे नाही, असे म्हणणारे लगेच भेटतील. केंद्रीय गृहखात्याच्या 2016 अखेरच्या आकडेवारीनुसार देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात, हे खरे. पण महाराष्ट्रातही 84 हजार होते. त्या घरांत पाळणे आहेत, शाळेची दप्तरे आहेत, सुटीत आजोळी आलेली नातवंडे आहेत. शिवाय परवान्याच्या वहीत कधीच न चढणारे गावठी कट्टे वेगळे. त्यांची मोजदाद कोण करणार?

कोकणातली घरे मी पाहिली आहेत. माजघराच्या भिंतीत दोन खुंट्या, त्यांवर आडवी ठेवलेली एकनळी बंदूक, आणि फडताळात बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात काडतुसे. डब्यावरच्या चित्रावरून घरातली चार वर्षांची नातसुद्धा तो डबा ओळखते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांनी घेतलेली ती बंदूक आहे. रानडुकरे एका रात्रीत भाताचे वाफे उकरून टाकतात, वानर नारळाची कोवळी फळे पाडतात, गवे केळीच्या बागेत शिरतात. या शेतकऱ्याची गरज खरी आहे. शहरात बसून त्याला बंदूक टाकून दे असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे मी सांगतही नाही. पण 'जनावर आले तर वेळ कुठे असतो, म्हणून भरूनच ठेवतो' हे त्याचे उत्तर मला मान्य नाही. डुक्कर येते रात्री, महिन्यातून चार-दोन वेळा. मूल घरात असते दिवसभर, रोज. नळी खाली झुकवून काडतूस बाहेर काढायला श्वास घेण्याइतकाच वेळ लागतो. डब्याला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधायला त्याहून थोडा अधिक. तेवढे करायचे नसेल, तर डुकराचे भय हे निमित्त आहे आणि आळस हे कारण आहे, असेच म्हणावे लागेल.

शेतकऱ्याची निदान गरज तरी आहे. दुसरी जात आहे ती रुबाबासाठी परवाना काढणाऱ्यांची. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या परवान्यांकडे सगळ्यांचे लक्ष गेले. एका जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने निघाले. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे आणि हवेत गोळीबाराच्या चित्रफिती लोकांसमोर आल्या. पोलिसांनी पुढे शेकडो परवाने रद्द केले. रद्द करण्याजोगे होते तर दिले कोणी आणि कोणाच्या चिठ्ठीवर, हा प्रश्न राजकारणाचा आहे आणि त्यावर बरेच लिहून झाले आहे. मला दुसराच प्रश्न छळतो. रात्री घरी गेल्यावर या माणसांच्या कमरेचे पिस्तूल कुठे जाते? उशीखाली जाते. टीव्हीच्या कपाटावर जाते. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात राहते, आणि सकाळी त्याच गाडीतून पोराला शाळेत सोडले जाते.

ज्या पोराने बापाला पिस्तुलाबरोबर मिरवताना पाहिले आहे, वरातीत बार काढल्यावर लोकांनी वाजवलेल्या शिट्ट्या ऐकल्या आहेत, तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्या काकाला टाळ्या मिळताना पाहिल्या आहेत, त्या पोराने त्या वस्तूला हात लावू नये अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? घरातली सर्वांत मानाची वस्तू म्हणून जी दाखवली, तिच्याकडेच त्याचे हात जाणार. दिवाळीत आपण त्याला टिकल्यांचे पिस्तूल देतो. चाप ओढला की आवाज होतो, धूर निघतो, आजी कानांवर हात ठेवते आणि सगळे हसतात. खेळण्यावर माझा राग नाही. पण ज्या घरात खरे पिस्तूल आहे, त्या घराने तरी हे दोन्ही एका छताखाली ठेवण्याआधी विचार करायला हवा.

'मी पोराला बजावून ठेवले आहे, तो हात लावणार नाही.' शस्त्र बाळगणाऱ्या घरांत हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते, आणि सर्वांत घातक तेच आहे. अमेरिकेत अटलांटा येथे काही बालरोगतज्ज्ञांनी या विश्वासाची परीक्षा घेतली. 2001 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघे-दोघे, तिघे-तिघे करून एका खोलीत बसवले. खोलीतल्या एका खणात गोळी सुटणार नाही अशी व्यवस्था केलेले खरे पिस्तूल ठेवले होते. मुले पंधरा मिनिटांपर्यंत खोलीत होती आणि एका बाजूने दिसणाऱ्या काचेमागून त्यांच्यावर लक्ष होते. 29 गटांपैकी 21 गटांना पिस्तूल सापडले. त्यांतल्या 16 गटांतल्या मुलांनी ते हाताळले आणि 10 गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना ते खरे आहे की खेळण्यातले, हेच नीट कळले नव्हते. आणि ज्यांनी ते हाताळले किंवा चाप ओढला, त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांना बंदुकीबाबत काय करावे, काय करू नये, हे आधी कोणीतरी शिकवलेले होते.

ही मुले वाईट नव्हती. ती मुले होती. कुतूहल हा बालपणाचा धर्म आहे, त्याच्या बळावरच मूल चालायला, बोलायला, वाचायला शिकते. त्या कुतूहलासमोर भरलेले पिस्तूल ठेवायचे आणि 'हात लावायचा नाही' एवढ्या तीन शब्दांवर त्याचा जीव टांगायचा, हा कुठला न्याय? शहाणपणाचे सगळे ओझे आपण घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या डोक्यावर देतो, आणि परवाना ज्याच्या नावावर आहे तो मोकळा.

दुसरा एक अभ्यास 2006 सालचा, अलाबामातला. 'आमच्या मुलांना बंदूक कुठे असते ते माहीतच नाही,' असे सांगणाऱ्या आईबापांच्या मुलांना वेगळे बसवून विचारले, तेव्हा त्यांतल्या 39 टक्के मुलांना जागा माहीत होती. 'आमच्या मुलाने कधी हातात घेतलेली नाही,' असे सांगणाऱ्या घरांतल्या 22 टक्के मुलांनी ती हातात घेतलेली होती. आपल्याकडच्या मुलांचे काही निराळे असेल, असे मानायला काय आधार आहे? दिवाळीच्या फराळाचा डबा कुठल्या फळीवर लपवला आहे, हे ज्या घरात लेकरांना पहिल्याच दिवशी कळते, त्या घरात बापाचे पिस्तूल गुपित राहील?

मोठ्यांचाच हात चुकतो, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा घरातून निघण्याच्या तयारीत असताना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. ते बरे झाले, याचा सगळ्यांना आनंद झाला. पण त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या किती परवानाधारकांनी आपले कपाट उघडून शस्त्र रिकामे आहे की भरलेले, हे पाहिले? नटाच्या प्रकृतीची चौकशी घराघरांत झाली, स्वतःच्या कपाटाची नाही.

यापुढचे लिहिताना हात जड होतो, पण ते टाळणे हा गुन्हा ठरेल. लहान मुलांपेक्षा मोठा धोका किशोरवयीन मुलांना आहे. दहावी-बारावीचा निकाल, घरातला अपमान, तुटलेले प्रेम, यांतून सोळा-सतरा वर्षांच्या जिवाला जगणे नकोसे होण्याची लाट येते. बहुतेकदा ती लाट ओसरते. कोणी हाक मारते, कोणी दार ठोठावते, रात्र सरते. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, आणि बंदूक हाताशी असेल तर मागे फिरायला जागाच उरत नाही. इस्राएलच्या लष्कराने 2006 साली एक साधा बदल केला. तरुण सैनिकांनी आठवड्याच्या सुटीला घरी जाताना बंदूक छावणीतच ठेवायची. अठरा ते एकवीस वयोगटातल्या सैनिकांच्या आत्महत्या त्यानंतर सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. तीच मुले, तेच घर, तीच दुःखे. फक्त शस्त्र घरी नव्हते. ज्या बापाच्या कपाटात आज उघडे शस्त्र आहे आणि ज्याचे मूल गेले काही दिवस गप्प गप्प आहे, त्याने हा मजकूर पुरा वाचत बसू नये. आधी उठून ते शस्त्र घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी, आणि मग मुलाशेजारी जाऊन बसावे.

आता कायद्याकडे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही. हे ठीकच. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून घेतली जाते. हेही ठीक. पण ती हमी कागदावर घेतली जाते आणि कागदावरच राहते. अर्जदाराचे चारित्र्य, त्याच्यावरचे गुन्हे, जिवाला धोका आहे की नाही, याची चौकशी होते. घरात किती मुले आहेत, त्यांची वये काय, शस्त्र कुठल्या कपाटात राहणार, त्या कपाटाला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे, हे दारात उभे राहून पाहणारा माणूस कुठे आहे? परवान्याच्या अटी मोडल्या तर कायद्याच्या कलम 30 खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड. दोन हजार रुपयांत आज पोराची शाळेची पुस्तकेही येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीने लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, ते योग्यच केले. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली. याचा अर्थ असा की नूतनीकरणाच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेले बाळ रांगेल, चालेल, स्टुलावर चढायला शिकेल, कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत पोहोचेल, आणि तोवर सरकार त्या घराला एकदाही काही विचारणार नाही.

परदेशात काय चालते ते पाहायचे तर दोन्ही टोके दिसतात. अमेरिकेने बंदुकीला इतके लाडावून ठेवले की 2020 मध्ये एक ते एकोणीस या वयातल्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण मोटारींचे अपघात राहिले नाहीत, ते बंदूक झाले. फ्लोरिडा राज्याने तर 2011 मध्ये डॉक्टरांनी रुग्णाला घरातल्या बंदुकीविषयी विचारण्यावरच बंधने घातली. न्यायालयाने ती बंधने 2017 साली रद्द केली. पण त्याच देशाला हळूहळू जाग येऊ लागली आहे. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावात 30 नोव्हेंबर 2021 रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. 2024 मध्ये न्यायालयाने त्या मुलाच्या आईला आणि बापाला, दोघांनाही दोषी धरून प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. शाळेतल्या गोळीबारासाठी आईबापांना असे जबाबदार धरण्याची तिथली ती पहिली वेळ होती. अमेरिकेचे सगळे घ्यावे असे मी म्हणत नाही. पण पोराने ओढलेल्या चापाचा हिशेब बापाला द्यावा लागेल, हे तत्त्व आपणही घ्यावे.

कुलूप लावले की झाले, असेही कोणी समजू नये. सर्बियातल्या बेलग्रेड शहरात 3 मे 2023 रोजी तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या शाळेत नऊ मुलांचा आणि एका सुरक्षारक्षकाचा जीव घेतला. शस्त्रे बापाची होती. ती तिजोरीत होती, तिजोरीला सांकेतिक अंकांचे कुलूपही होते. ते अंक मुलाला माहीत होते, आणि नेमबाजी बापानेच त्याला शिकवायला नेले होते. पोराच्या वाढदिवसाची तारीख तिजोरीचा अंक म्हणून ठेवणारे बाप आपल्याकडेही आहेतच.

या सगळ्यात घरातल्या बाईला कोणी विचारले आहे का? परवाना नवऱ्याच्या नावाचा, निर्णय नवऱ्याचा, रुबाब नवऱ्याचा. मूल सांभाळायचे तिने. 'ते कुलुपात ठेवा हो' असे ती म्हणाली की तिला भित्री ठरवले जाते, आणि काही घरांत तेच पिस्तूल तिला गप्प करायलाही दाखवले जाते. शूरपणाच्या गप्पा मारणाऱ्या समाजाला हे दिसत नाही असे नाही. तो पाहतो आणि 'त्यांच्या घरातले आहे' म्हणून मान फिरवतो. ही मान फिरवण्याची सवय आपली जुनी आहे. दाराआड घडणाऱ्या प्रत्येक अन्यायाला आपण तिनेच संरक्षण दिले.

सातासमुद्रापार गेलेल्या मराठी कुटुंबांनाही एक विचारायचे आहे. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये तुमची मुले मित्रांच्या घरी खेळायला, रात्री राहायला जातात. त्या घरात शेंगदाणे चालतील का, कुत्रा आहे का, हे तुम्ही न संकोचता विचारता. बंदूक आहे का आणि ती कुलुपात आहे का, हे विचारताना मात्र जीभ अडखळते. समोरच्याला काय वाटेल, आपण परके, उगाच वाईटपणा कशाला? तिथल्याच आयांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी हा प्रश्न विचारायची मोहीम काढली आहे. तो विचारायला तुम्हाला कोणाची परवानगी नको. समोरच्या घराला राग आला, तर तुमचे मूल त्या घरी एक रात्र कमी राहील, याहून अधिक काही बिघडणार नाही.

आणि आपल्याकडे? बाळाच्या लसीचा, वजनाचा, दात येण्याचा हिशेब ठेवणारे बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचारत नाहीत. शाळा विचारत नाही, गावचा पोलीस पाटीलही विचारत नाही. निवडणूक आली की गावोगावची शस्त्रे ठाण्यात जमा होतात. परवानाधारक कुरकुरतात, पण जमा करतात. उमेदवाराच्या जिवासाठी जे दीड-दोन महिने निमूट करता येते, त्याचा शतांश लेकरांच्या जिवासाठी बारा महिने का करता येत नाही?

करायचे काय, ते मी स्पष्ट लिहितो, म्हणजे कळले नाही असे कोणी म्हणायला नको. शस्त्र रिकामे करून ठेवा. पिस्तूल असेल तर मॅगझिन काढल्यावरही एक गोळी नळीच्या मागच्या भागात राहू शकते. ती उरली नाही, हे वरचा सरकता भाग मागे ओढून डोळ्यांनी पाहा, आणि हे करताना नळीचे तोंड कोणाकडेही असू देऊ नका. शस्त्र भिंतीला किंवा जमिनीला पक्के केलेल्या पोलादी कपाटात ठेवा, चापाला कुलूप लावा. गोळ्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या किल्लीने. किल्ली खिळ्यावर, देव्हाऱ्यात, उशीखाली नाही, अंगावर. तिजोरीचा अंक असा ठेवा की घरातल्या हुशार पोराला तर्काने काढता येऊ नये. पाहुण्यांची पोरे यायची असतील, घरात कोणी खचलेले असेल, तर तेवढ्या काळापुरते शस्त्र परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. हे सगळे जमत नसेल, तर परवाना परत करा. त्यात कमीपणा नाही.

आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही, म्हणून ज्यांनी हा लेख दुसऱ्यांसाठी आहे असे समजून वाचला, त्यांचेही काम आहे. येत्या ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत हा विषय मांडा. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा की परवाना देताना आणि नूतनीकरण करताना घरातल्या मुलांची वये विचारली जावीत, पोलिसांनी घरी येऊन कपाट आणि कुलूप पाहावे, आणि हे पाच वर्षांतून एकदा न होता दरवर्षी व्हावे. लहान मुलाच्या हाती शस्त्र पडले तर परवानाधारकावर गुन्हा नोंदवलाच जावा, मग गोळी सुटली असो वा नसो. कोणी 'दुःखात असलेल्या बापाला आणखी का छळता' असे म्हणेल. त्याला सांगा की सुपौलच्या शाळेत हाताला गोळी लागलेल्या मुलालाही बाप आहे. मागणीची पोच घ्या, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर पुन्हा जा.